जाऊबाईचं कुलूप

दादाने घरची बैठक बोलावली की निर्णय आधीच झालेला असायचा आणि चहा मागून यायचा, हे आत्याला गेली चाळीस वर्षं पाठ होतं. त्या रविवारीही तेच. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, कामाच्या लांब टेबलावरच्या कानशी आणि चिमटे एका बाजूला सारलेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाच कप. दादा आपल्या उंच स्टुलावर, वहिनी किटलीपाशी, पुतण्या दाराला टेकून. पाचवा कप पुतणीचा, आणि ती अजून यायची होती. आत्या नेहमीच्या जागी, म्हणजे तिजोरीला पाठ लावून बसली होती. आज मात्र तिथं बसून तिला चैन पडत नव्हतं, कारण तिजोरीत काय आहे ते पुतणी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याला सगळी गल्ली चोरआत्या म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घर कुलुपांचं. आजोबांपासूनचा रिवाज असा, की नवं कुलूप तयार झालं की ते विकायला मांडण्याआधी घरातल्याच एकाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, उघड. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. किल्ली नाही, फक्त तारा. उघडलं, तर त्या घरच्या चोराने कुलूप करणाऱ्यासमोर बसून कसं उघडलं ते सगळं सांगायचं, आणि तो सांगत असताना करणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. मग कुलूप पुन्हा घडवायचं. नाहीच उघडलं, तर आतल्या पितळी पट्टीवर करणाऱ्याच्या ठशाशेजारी चोराने आपला ठसा मारायचा, म्हणजे हरलो असं कबूल करायचं. आत्याने वयाच्या पंधराव्या वर्षापासून दादाची आणि वडिलांची इतकी कुलुपं उघडली होती, की वडील म्हणायचे, या पोरीच्या बोटांना कान आहेत.

फक्त एक उघडलं नव्हतं. ही तिजोरी. वडिलांनी अखेरची म्हणून केलेली, माणसाच्या उंचीची, सात लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलायच्या सात पात्यांच्या कुलपाची. वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने हिला पाहून विचारलं होतं, की या घरात माझ्या आधीपासून ही कोण ठाण मांडून बसली आहे, कुणाशी बोलत नाही की उठत नाही. तेव्हापासून तिजोरीचं नाव जाऊबाई. एकोणीस वर्षांची आत्या तिच्यापुढे दिवसभर बसली आणि सूर्य मावळला. पण ठसा मारायला तिने साफ नकार दिला. म्हणाली, मी हरले नाही, दिवस लहान होता. वडील हसले आणि म्हणाले, राहू दे जागा मोकळी. ती जागा एकोणपन्नास वर्षं मोकळी होती.

पुतणी आली ती जवळजवळ पळतच. तिला घरात खिट्टी म्हणत, कारण लहानपणी दिसेल त्या दाराची खिट्टी ती काढून बघे. आता ती एका कचेरीत बसून दवाखान्यांच्या यंत्रांत कुणा चोराला शिरता येतं का ते बघायची, मालकांनीच सांगितलं म्हणून. दादाला ही नोकरी कधी पचली नव्हती. तारा नाहीत, कानस नाही, हाताला तेल नाही, आणि म्हणे कुलूप उघडलं.

"आत्या, झालं," ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली. "त्यांनी दुरुस्ती केली. गेल्या शनिवारी सगळ्या डब्यांना पाठवली. आणि कंपनीचं पत्र आलंय, माझं नाव घालून. आभारी आहोत म्हणतात."

सगळी भानगड त्या डब्यापासूनच सुरू झाली होती. तीन वर्षांपूर्वी आत्या गल्ल्यामागे चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली एक यंत्र बसवलं आणि त्याची वायर काळजात सोडली. काळीज भलतंच धावायला लागलं, तर यंत्र एक झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणार. सोबत मिळाला एक पांढरा डबा. तो पलंगाशेजारी ठेवायचा. रोज पहाटे तो छातीतल्या यंत्राशी बिनतारी बोलून त्याची खबरबात दोन तासांच्या रस्त्यावरच्या मोठ्या इस्पितळात पोचवणार. आत्याला सुरुवातीला गंमत वाटली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कुलपांना कान लावले, आता कुणीतरी आपल्याला लावतंय.

मग खिट्टीने त्याच जातीचा एक टाकून दिलेला डबा आपल्या टेबलावर उघडला. आत सगळ्या डब्यांना एकच परवलीचा शब्द. म्हणजे हजार घरांना एकच किल्ली. कुणी दारावर टकटक केली, तर कोण आहे हे न विचारताच डबा कितीही वेळा हो किंवा नाही असं उत्तर देई, आणि कोण येऊन गेलं ते कुणाला सांगतही नसे. एखाद्याने जवळ येऊन मनावर घेतलं असतं, तर डब्याचं सोंग घेऊन छातीतल्या यंत्राला हाका मारमारून त्याची बॅटरी संपवता आली असती. तिने कंपनीला सात महिन्यांपूर्वी कळवलं. कंपनीने आधी हसण्यावारी नेलं, मग दमात घेतलं, मग गप्प बसली. बारा दिवसांपूर्वी खिट्टीने हे घरी सांगितलं आणि ती कामासाठी परगावी गेली. जाताना डबा लावलेलाच ठेवा असं चारदा बजावून गेली. धोका लांबचा आहे, उपयोग रोजचा आहे, हे तिचे शब्द.

पण घर कुलुपांचं पडलं. कुलूप उघडं आहे असं ऐकल्यावर त्या घरात कुणाला झोप येणार? दुसऱ्याच दिवशी दादाने डब्याची वायर उपटली आणि डबा जाऊबाईच्या पोटात घालून दार लावलं. नुसता कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं, पण दादाला धोकादायक वस्तू म्हटलं की तिजोरीच आठवते. तेवढ्यानेही समाधान झालं नाही. कुणी मध्येच विरघळून डबा बाहेर काढेल म्हणून त्याने किल्ली नेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. आणि आत्या काही बोलली नव्हती. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. कुणी परका माणूस आपल्या काळजाच्या दाराशी उभा आहे, ही कल्पना तिला सहन होत नव्हती.

"डबा कुठाय?" खिट्टीने विचारलं. "नवं कुलूप बसलं का ते बघते. हिरवा दिवा दिसायला हवा."

पुतण्या दाराबाहेर बघू लागला. वहिनीने भरलेल्या कपात आणखी चहा ओतला. दादाने घसा साफ केला आणि बैठकीचा निर्णय सांगून टाकला. डबा बंद आहे आणि बंदच राहील. डॉक्टरांना सांगून यंत्राचं ते बिनतारी बोलणंच कायमचं थांबवायचं. वहिनीने मान डोलावली. पुतण्या म्हणाला, की बाबांचं अगदीच चूक नाही. मग आईकडे बघून म्हणाला, की खिट्टीचंही अगदीच चूक नाही. तो लहानपणापासून असाच, दोन्ही डगरींवर पाय.

खिट्टी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तिने आत्याकडे पाहिलं, आणि आत्याने नजर खाली वळवली. ते त्या पोरीला लागलं, हे आत्याला न बघताही कळलं.

"तूच म्हणालीस ना, की दार उघडं आहे?" दादा म्हणाला. "मग मी बंद केलं. जे बंद आहे त्याला भीती नाही. आणि चोर कधी मालकाला सांगून चोरी करतो का? तू त्या कंपनीला आधी सांगितलंस. सात महिने झुलवलं तुला त्यांनी."

"बाबा, आधी त्यांनाच सांगायचं असतं. त्यांनी ऐकून घ्यायचं असतं," खिट्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण कप खाली ठेवताना बशी वाजली.

आणि तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला. बारीक, दोन सुरांचा, एक उंच एक खाली, पुन्हा पुन्हा. पुतण्याने खिशातला फोन काढून पाहिला. वहिनीने किटलीकडे पाहिलं. दादा म्हणाला, की बंद करा ते जे काय आहे. आत्याने सावकाश डावा हात गळ्याखाली नेला. आवाज तिच्यातून येत होता.

यंत्र बसवलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की आत काही बिघडलं तर ते असं वाजेल, आणि वाजलं तर थांबू नका, फोन करा. खिट्टीने त्यांनी दिलेल्या कार्डावरचा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. मोठ्या इस्पितळातली, यंत्रांच्या विभागातली सिस्टर बोलत होती. आवाज शांत, पण शब्द झरझर. अकरा दिवस तुमच्याकडून काहीच आलं नाही, ती म्हणाली. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कुणीतरी उचलला आणि कापला. दादाचा चेहरा पांढरा पडला. अनोळखी नंबरावर बोलायचं नाही, हा नियम त्यानेच घरात केला होता.

सिस्टरने विचारलं, चक्कर आहे का, छातीत दुखतंय का. नाही. मग डबा लावा आणि आत्ता माहिती पाठवा, म्हणजे काय झालंय ते कळेल. बॅटरी असेल, वायर असेल, काहीही असेल. कळलं की काय करायचं ते सांगते. नाहीच जमलं, तर गाडी करून सरळ इकडे निघा, गावच्या दवाखान्यात हे यंत्र वाचता येत नाही, पण मला रस्त्यात तुमचं काय होईल हे न कळता तुम्हाला दोन तास बसवायचं जिवावर येतंय. शांत राहा, डावा हात हलवू नका, फोन चालू ठेवा.

पुतण्याने गाडी बोलावली. चाळीस मिनिटं, असं उत्तर आलं. रविवार होता. बँकेलाही रविवार होता.

"ड्रिल लावतो," पुतण्या म्हणाला.

"नाही," दादा आणि आत्या एकाच वेळी म्हणाले. वडिलांनी कुलपामागे काच बसवली होती. भोक पाडायला गेलं आणि ती फुटली, की चारी बाजूंचे दांडे कायमचे अडकायचे. मग भिंत पाडली तरी जाऊबाई उघडायची नाही. दादा दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. ती किल्ली त्याने चाळीस वर्षं वापरली होती, पण तिचा नमुना किंवा चित्र ठेवायचं नाही, हा वडिलांचा दंडक त्यानं पाळला होता. हाताला तिचा आकार आठवत होता, पण केसाएवढा फरक कुणाच्या हाताला आठवणार? आत्याने त्याला असं बसलेलं याआधी एकदाच पाहिलं होतं, वडील गेले तेव्हा. तिला त्याचा राग यायला हवा होता. आली ती कणव, आणि तिच्यापाठोपाठ एकदम जुनी खुमखुमी.

"माझ्या तारा आणा," आत्या म्हणाली. "आणि मला फिरवून बसवा."

वहिनी म्हणाली, "ताई, अहो या अवस्थेत?" आत्या म्हणाली, की कुलपापुढे बसण्यापेक्षा शांत मी दुसरीकडे कुठंही बसत नाही. सिस्टरने फोनवरून विचारलं, काय चाललंय तिकडे. वहिनीने सांगितलं, की आमच्याकडे जरा तिजोरी फोडतायत. पलीकडून प्रश्न आला, काय फोडतायत? मग सिस्टर म्हणाली, की रुग्णाने बसून करायचं काम असेल तर हरकत नाही, पण उजव्या हातानेच.

आत्याने तार आत सोडली आणि एकोणपन्नास वर्षं गळून पडली. तेच सात लिव्हर, तोच ताण. प्रत्येक लिव्हर नेमका एवढाच उचलला पाहिजे, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. आणि त्यांच्या शेजारी वडिलांची ती आठवी चीज, तिला वडील चहाडखोर म्हणत. कुठलाही लिव्हर जरा जास्त उचलला गेला, की चहाडखोर खटकन अडकायचा आणि कुलूप जाम. मग तार उलटी फिरवून त्याला सोडवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो तसाच अडकलेला राहिला, तर किल्ली घालताच मालकाला कळायचं, कुणीतरी येऊन गेलं. एकोणीस वर्षांच्या आत्याने त्या दिवशी शंभरदा तो खटका ऐकला होता, आणि प्रत्येक खटक्याला तिचा धीर थोडा थोडा खचत गेला होता.

आताही खटका वाजला. आत्याने तार उलटी फिरवून चहाडखोराला सोडवलं. छातीतलं यंत्र आता गप्प होतं, आणि ते जास्तच भीतीचं होतं.

"आत्या," खिट्टी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "मी त्या डब्यात कशी शिरले, सांगू? तो मला नाही म्हणायचा. पण पहिलंच अक्षर चुकलं तर झटकन नाही म्हणायचा, आणि पाचवं चुकलं तर जरा थांबून. नकारच मला सगळं सांगत होता. मी फक्त लिहून घेत गेले."

आत्याचा हात थांबला. तिने मान वळवून पोरीकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, अशी की वहिनी घाबरली.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "पन्नास वर्षं मी त्या चहाडखोराला शत्रू समजत होते. तो तर माझ्या बाजूचा."

मग सगळं घर कामाला लागलं. आत्याने तारेचं बाहेरचं टोक लांब ठेवून त्याला कागदाचा बाण लावला, आणि पुतण्याने त्यामागे मोजपट्टी धरली. आत केसाएवढं हललं, तर बाहेर बाण बोटभर हलायचा. आत्या पहिला लिव्हर उचलू लागली, सावकाश, मुद्दाम, खटका वाजेपर्यंत. खटका वाजला. "एवढा आकडा घे," ती म्हणाली. "आता त्याच्याहून एक घर कमी." खिट्टीने दाराच्या पोलादावरच खडूने लिहिलं. तार उलटी फिरवून चहाडखोर सोडवला आणि दुसरा लिव्हर घेतला. आता खटका वाजला की खोलीत कुणाचा चेहरा पडत नव्हता, उलट पुतण्या दर वेळी आकडा असा सांगायचा जणू त्याच्या खिशात काही पडलं. वहिनी दिवा धरून फोनवर सिस्टरला इत्थंभूत सांगत होती. चौथा झाला, पाचवा झाला. सिस्टरने मध्येच विचारलं, की पाचवा झाला म्हणजे अजून किती राहिले.

तिसऱ्या आकड्यानंतर केव्हातरी दादा स्टुलावरून उठला होता. त्याने खालच्या खणातून जाऊबाईच्याच जातीची एक कोरी किल्ली शोधून काढली, ती पकडीत आवळली आणि दारावरचे आकडे बघून कानस चालवायला सुरुवात केली. आत्या वाचत होती आणि दादा घडवत होता. दोघांनी एका कुलपावर एकाच बाजूने काम केलं नव्हतं कधी. आयुष्य समोरासमोर बसून गेलं होतं, तो बंद करणार आणि ही उघडणार. आत्याला कानशीचा आवाज ऐकू येत होता आणि तिला मनात आलं, की म्हाताऱ्याचा हात अजून बिनचूक आहे, हे त्याला एकदा सांगायला हवं.

सहाव्याने त्रास दिला. दोनदा वेगवेगळे आकडे आले. आत्याने डोळे मिटले आणि मधला धरला. सातवा पहिल्याच फटक्यात आला.

दादाने किल्ली फडक्याने पुसली आणि तिच्या पुढे धरली. "तू लाव," तो म्हणाला. "मी नाही."

किल्ली फिरली, अर्धी. अडली. खटका. दादाच्या तोंडून हुंकार निघाला. आत्या म्हणाली, "सहावा. अर्धा केस." दादाने काही न विचारता कानशीचे दोन हात मारले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पाच मिनिटं आधीच. आत्याने किल्ली पुन्हा घातली, आणि या वेळी तिला खटका ऐकू आला नाही, दांडे सरकल्याचा तो जाड, तेलकट आवाज ऐकू आला. तो तिने फक्त दादाच्या हातून ऐकला होता. जाऊबाईने दार उघडलं. पुतण्याने अशी शीळ घातली, की गाडीवाला खाली वाकून शटरमधून बघू लागला.

पण दम घ्यायला वेळ नव्हता. खिट्टीने डबा काढून वायर लावली. आधी पिवळा दिवा लुकलुकला, कारण डबा अकरा दिवसांचं चुकलेलं आधी भरून घेत होता. सगळ्या डब्यांना पाठवलेली दुरुस्ती फक्त याच डब्याला पोचली नव्हती. ज्या पोरीने ते भोक शोधलं, तिच्याच घरचा डबा तेवढा उघडा राहिला होता, तोही तिजोरीत. खिट्टी हे म्हणाली तेव्हा कुणी हसलं नाही, दादाने मात्र मान खाली घातली. मग दिवा हिरवा झाला. आत्याने छाती डब्यासमोर धरली. आता तिला कुणी ऐकतंय याची भीती वाटत नव्हती.

दोन मिनिटांनी सिस्टरचा आवाज आला, आणि तो बदललेला होता. वायरीला चीर गेली आहे. काळीज ठीक आहे, पण चिरलेल्या वायरीमुळे यंत्राला खोटे ठोके ऐकू येतायत. आज दोनदा ते झटका द्यायला निघालं होतं आणि ऐनवेळी थांबलं. इकडे दोन तास येऊ नका. तुमच्या गावातल्याच दवाखान्यात जा, दहा मिनिटांत, मी त्यांना फोन करते. ते यंत्रावर एक लोहचुंबक ठेवतील, म्हणजे ते खोटा झटका देणार नाही. तिथून माणसं सोबत देऊन रुग्णवाहिकेने इकडे आणू. मग जरा थांबून ती म्हणाली, "आजी, पाठवलंत ते फार बरं केलंत. गाडीत काय झालं असतं ते मला बोलायचंसुद्धा नाही."

गाडीत बसताना आत्याने दारातून मागे पाहिलं. जाऊबाईचं दार सताड उघडं होतं, त्यावर खडूचे सात आकडे, आणि ते लावून घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मंगळवारी नवी वायर बसली. नवव्या दिवशी आत्या घरी आली, डावा हात गळ्यात अडकवून. पलंगाशेजारी पांढरा डबा होता आणि त्याचा हिरवा दिवा. गल्लीतली निम्मी माणसं दुकानात येऊन गेली, आणि वहिनीने प्रत्येकाला तो किस्सा असा सांगितला, की जणू किल्ली तिनेच फिरवली. सिस्टरनेसुद्धा फोन केला. यंत्र कसं आहे हे तिला पहाटेच कळलं होतं. तिला फक्त विचारायचं होतं, की सहावा लिव्हर का अडला.

संध्याकाळी दादाने शटर अर्धं ओढलं आणि टेबल मोकळं केलं. जाऊबाईचं कुलूप त्याने दारातून उतरवून मधोमध ठेवलं होतं. आतली पितळी पट्टी काढून, घासून चकचकीत करून, त्याने ती आत्याच्या पुढ्यात ठेवली. एका कडेला वडिलांचा ठसा, दुसरीकडे ती मोकळी जागा.

"मोकळीच बरी दिसते," दादा म्हणाला. "ठेव तुझ्याकडे. दिवस लहान होता, हे खरंच निघालं."

आत्याने पट्टी मुठीत धरली. दादा स्टुलावर बसला आणि रिवाजाप्रमाणे त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कुलूप उघडलं गेलं होतं. वडील नव्हते, तेव्हा करणाऱ्याच्या जागी तोच. आता चोराने सांगायचं आणि त्याने ऐकायचं.

"मी नाही सांगणार," आत्या म्हणाली. "माझ्या फक्त तारा. युक्ती हिची." तिने खिट्टीला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं, दादाच्या बरोबर समोर.

दादाने तोंड उघडलं. वहिनी, पुतण्या, आत्या, तिघांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. मग खिट्टीने सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून, टाकून दिलेल्या त्या डब्यापासून. एकच किल्ली हजार घरांना कशी, नकार कसा मोजायचा, सात महिने तिने रोज काय काय लिहून ठेवलं, आणि तेच चहाडखोराला कसं लागू पडलं. बाहेर अंधार पडला, वहिनीने दिवा लावला, चहा दोनदा गार झाला. मुलगी काय काम करते हे दादाने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही बोलला नाही. एकदा फक्त डोळे पुसले, कानशीची धूळ गेली असेल असं पुतण्या नंतर म्हणाला.

ती थांबली तेव्हा त्याने कुलूप तिच्याकडे सरकवलं, कोरा कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

"आता सांग," तो म्हणाला, "नवं कसं करू, की तुलाही उघडता यायचं नाही?"